पॅलेटचे चाटू: वास जाईल का?

दादा, कंपनीतून फुकट मिळालेल्या पॅलेटचे (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचे) चाटू केलेत आणि गरम आमटीत घातले की औषधासारखा वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि मला माझी पिठल्याची कढई आठवली. अगदी तोच वास!

मीही भंगारातून पॅलेट आणलं होतं. पाइन, रंध्याखाली लोण्यासारखं जायचं. एका ठोकळ्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का होता, शेजारी अक्षरं. चाटूवर बरा दिसणार नाही म्हणून सगळ्यात आधी तोच घासून काढला. शहाणपणा बघा. त्या अक्षरांत एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या कीड मारणाऱ्या विषारी वायूची धुरी दिलेलं. माझं कुठलं होतं, देव जाणे. आणि एचटी असलं तरी पॅलेटवर आधी काय सांडलं ते शिक्का सांगत नाही. भंगारवाल्याला विचारलं तर म्हणे, "लाकूडच आहे, त्यात काय असणार?"

उकळलं, उन्हात ठेवलं, मीठ-लिंबू चोळलं. थंड असताना वास गेल्यासारखा वाटतो, गरम पिठल्यात परत हजर. नऊ चाटू, त्यातले चार नातेवाइकांत वाटलेले. ते फोन करून परत मागितले. मावशी म्हणाली, "आमचं काही चुकलं का रे?"

मी सुतार नाही की केमिस्ट नाही, पण माझं मत विचाराल तर टाकून द्या. चुलीत, बंबातसुद्धा घालू नका.

नवीन करायचे तर बाभूळ किंवा शिसव. आंबा स्वस्त, पण ओल धरून काळा पडतो. साग चालतो, फक्त त्याचा भुसा काहींच्या अंगावर उठतो, तोंडाला फडकं बांधा. वखारीत हिरवट झाक मारणारं, औषध मारलेलं लाकूड गळ्यात मारतील, ते नको.

कबाबाच्या काड्या करायच्या असतील तर बांबूच घ्या. कण्हेरीच्या फांद्या सरळसोट असतात, मोह होतो, पण त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे.

तयार चाटूला गोडेतेल लावू नका, खवट होतं. जवसाचं कच्चं तेल लावा, रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि हो, तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. मी दोरीवर पसरून वाळवतो.