पौर्णिमा सोडा, चतुर्थी धरा

प्रश्न : माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची) दुर्बीण आहे. चंद्रावर अशनी (अवकाशातून येणारा दगड) आदळला की चमक दिसते, असं वाचलं. पौर्णिमेला गच्चीवर बराच वेळ डोळा लावून बसलो, काहीच दिसलं नाही. दुर्बीण लहान पडते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, दुर्बिणीला कशाला बोल लावता? पौर्णिमेच्या लख्ख चंद्रावर ती चमक उठून दिसणार कशी! बघायचा असतो तो कोरीशेजारचा अंधारा भाग. शुक्ल पक्षात तृतीयेपासून सप्तमीपर्यंत संध्याकाळी, नाहीतर वद्य दशमीनंतर पहाटे. गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये म्हणतात, या कामाला मात्र नेमकी तसलीच कोर लागते. चोरीचा आळ नको असेल तर बाकीच्या शुद्ध चतुर्थ्या आहेतच.

कॅमेरा नसला तरी दुर्बिणीला डोळा लावून चमक दिसू शकते. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिंह राशीतल्या उल्कावर्षावाच्या वेळी अमेरिकेत निरीक्षक ब्रायन कडनिक यांनी १४ इंची दुर्बिणीतून एक टिपली. दुसरे निरीक्षक डेव्हिड डनहॅम यांच्या व्हिडिओतही तीच सापडली, म्हणून ती पक्की ठरली. पण बहुतेक चमका सेकंदाच्या दहाव्या भागात विझतात. पापणी लवली की गेली. त्यामुळे आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून कृष्णधवल व्हिडिओ कॅमेरा लावा. तुमची खरी अडचण इथे आहे : डॉब्सोनियनला मोटर नसेल तर चंद्र सारखा चौकटीबाहेर सरकतो. नळी मोटरच्या माउंटवर (बैठकीवर) चढवता आली तर बघा. उजळ कोर चौकटीबाहेर ठेवा, नाहीतर तिच्या झगझगाटात सगळं बुडतं.

मग चित्रण एकेक फ्रेम करून तपासायचं. एकाच फ्रेममध्ये टोकदार ठिपका दिसला तर बहुधा वैश्विक किरण (अवकाशातून आलेला वेगवान कण) कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आदळलाय. खरी चमक किंचित पसरट असते, जागा सोडत नाही आणि मोठी असेल तर पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये मंदावत जाते. सरकली तर तो उपग्रह. तरीही काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या दुर्बिणीतून त्याच क्षणी, त्याच जागी दिसल्याशिवाय मी तरी मानणार नाही. तेव्हा जोडीदार गाठा आणि दोघांची घड्याळं जुळवून घ्या.

१७ मार्च २०१३ ला नासाच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चमक सुमारे ४० किलोच्या दगडाची होती. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला तिथे नंतर १८ मीटर रुंदीचं ताजं विवर सापडलं.

अशा चमका पकडायची चांगली संधी उल्कावर्षावात मिळते. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १४ डिसेंबरच्या सुमारास भरात असतो. २०२६ मध्ये त्याआधी पाचच दिवस अमावस्या आहे. म्हणजे संध्याकाळी कोर हवी तशीच मिळेल.