कोल्हापुरात मुली-महिलांना तंत्रज्ञानाकडे वळवणारी संस्था काढायची आहे. नोंदणी, निधी आणि मुलींची आवड, सुरुवात कुठून करू?

नोंदणी आणि निधीबद्दल कुठलाही सीए तुम्हाला अर्ध्या तासात सांगेल. मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालच्या एका वाक्यासाठी: "मुलींना मुळात या विषयाची आवड नसते, ती कशी निर्माण करायची?"

हे वाक्य मी आमच्या संस्थेच्या इतिवृत्तात वाचलंय. "मुलींच्या अनास्थेमुळे संगणक वर्ग बंद करण्यात येत आहे." नोव्हेंबर २०१७. खाली सात सह्या, त्यातली एक माझी.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, वीस वर्षं ड्रॉइंग आणि सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रामिंग केलं. आम्ही सातजणांनी संस्था काढली तेव्हा मुलींना कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढणं) आणि थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकवायचं ठरलं. राजारामपुरीत एका ओळखीच्या हॉलमध्ये वर्ग, संध्याकाळी साडेपाच ते सात, कारण शिकवणारे सगळे नोकरीवाले. जूनमध्ये ३२ मुली आल्या. निम्म्याहून जास्त गावांकडून येणाऱ्या, अकरावी-बारावीच्या नाहीतर डिप्लोमाच्या. गणपतीनंतर गळती लागली आणि दिवाळीपर्यंत ९ उरल्या. आमच्या अध्यक्षांनी, त्यांना आम्ही सर म्हणायचो, हजेरीपट बैठकीत ठेवला आणि म्हणाले, आकडे बोलतायत. ठराव झाला. मलाही तेव्हा वाटलं, खरंच असेल.

संगणक परत करायचे होते म्हणून मी एकेका मशीनवरच्या फायली काढून घेत होते. एका फोल्डरमध्ये कोळप्याचं थ्रीडी मॉडेल सापडलं. शेतातलं तण काढायचं कोळपं, सगळ्या मापांसकट, दांड्याच्या खाचेसुद्धा. आम्ही ते शिकवलेलं नव्हतं. पोरीनं घरचं कोळपं मोजून आणून काढलं होतं. फाईल शेवटची सेव्ह केली होती तो तिचा वर्गातला शेवटचा दिवस. ही अनास्था?

त्या रविवारी प्रिंट घेऊन मी तिच्या गावी गेले. पन्हाळा तालुक्यातलं गाव, फाट्यापासून आत दीड किलोमीटर. दुपारी दोनच्या उन्हात त्या वाटेनं चालताना मला दोन्ही बाजूंना काही दिसत नव्हतं. डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये बैलगाडीपुरता रस्ता. तिची आई म्हणाली, "मॅडम, क्लासला आमची कुठं ना हुती? जूनला उशिरापत्तोर उजेड असतोय, ऊस बी कंबरंएवढा. आता सहालाच अंधार, आन् दोन्हीकडनं उसाची भित्त. सातची गाडी आठला येती. एकटी पोरगी त्यातनं कशी यायची? सरांना सांगितलं की फोनवर. ते म्हनले, आवड असली की सवड काढता येती."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरी इतिवृत्तात 'अनास्था' लिहिलं गेलं आणि मी सही केली.

मी पुढचा पंधरवडा बाकीच्या मुलींची घरं फिरले. कुठे ऊस, कुठे गाडी, कुठे "परत यायला नऊ वाजतात, भाकरी कोण थापणार". मग ग्रामपंचायतीला विचारून कोळपंवालीच्याच गावच्या शाळेची एक खोली मिळवली. एका फौंड्रीवाल्यांनी (ओतकामाच्या कारखानदारांनी) चार जुने संगणक दिले. रविवारी सकाळी नऊ ते बारा. गळालेल्या २३ मुलींपैकी १७ परत आल्या, आजूबाजूच्या तीन गावांतून, सायकलीवर नाहीतर चालत. त्याच मुली, तोच विषय. मार्च २०२० पर्यंत एकही रविवार मोकळा गेला नाही. कोळपंवाली आज शिरोली एमआयडीसीत पॅटर्नची, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणाऱ्या नमुन्यांची, डिझाइनं करते.

सर अजूनही म्हणतात की तो अपवाद होता. त्यांचं प्रत्येक भाषण शाहू महाराजांपासून सुरू होतं म्हणून विचारते: महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं का काढली? शिक्षणाची आवड लावायला नाही. खेड्यातल्या पोरानं शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं काय, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेही भाषणानं नव्हे, हुकमानं. शंभर वर्षांनंतर आपण मात्र मुलीला 'प्रोत्साहन' देतो आणि अंधारात फाट्यावर सोडतो.

आता नोंदणी. सोसायटी करायची तर किमान सातजण लागतात, आणि महाराष्ट्रात ती सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयातही नोंदवावी लागते. कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी दोघांतही होते. त्यानंतर आयकराच्या दोन नोंदण्या: संस्थेला करमाफीची आणि देणगीदाराला करसवलतीची (१९६१ च्या कायद्यात १२ए आणि ८०जी). सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, भरवशावर मात्र बसू नका. बाहेरच्या संस्थेमार्फत सीएसआरचं काम करायचं तर तिच्याकडे किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा लागतो. शिवाय ज्या कंपनीचा नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी असेल तिलाच तो खर्च बंधनकारक आहे. आपल्याकडच्या बऱ्याचशा फौंड्र्या आणि मशिनशॉप यात बसत नाहीत. त्यांच्याकडे पैसे मागू नका, जुनी मशीन आणि महिन्यातून एका दिवसाचा माणूस मागा. तो मिळतो.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष नोंदणीच करू नका. एक वर्ग वर्षभर चालवून दाखवा. आणि टॅब वाटप, आठ मार्चचा सत्कार, फलक, यातलं काहीही करू नका. फीचा प्रश्नही पूर्वीइतका राहिलेला नाही. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. फी माफ होऊनही मुलगी येत नसेल तर तिच्या घरापर्यंतचा रस्ता बघायला जा.

संस्थेची घटना लिहाल तेव्हा एक कलम नक्की घाला: गैरहजर मुलींच्या घरी किमान दोन विश्वस्तांनी स्वतः जाऊन आल्याशिवाय कुठलाही वर्ग बंद करता येणार नाही. आमच्या घटनेत हे असतं तर तो ठराव झाला नसता. आणि विश्वस्तांत निदान दोघी अशा घ्या ज्या रोज गावाहून शहरात ये-जा करतात.

हे सगळं मी शाळा-कॉलेजच्या मुलींबद्दल लिहितेय. तुम्ही 'महिला' असंही लिहिलंय. शहरातल्या, दहा वर्षं घरी बसलेल्या पदवीधर बायकांसाठी दुपारी बारा ते तीनच वेळ धरा, पोरं शाळेत असतात तेव्हा. त्यातलं मला याहून जास्त कळत नाही. काही मुलींना खरंच आवड नसते, त्यांना जाऊ द्या, २३ मधल्या ६ परत आल्या नाहीत आणि त्यातल्या दोघींनी मला तसं स्पष्ट सांगितलं. सरांबद्दलही एक सांगायलाच हवं: हॉलचं भाडं ते सगळे महिने स्वतःच्या खिशातून देत होते. माझं भांडण त्यांच्या 'अनास्था' या एका शब्दाशी आहे, आणि त्याखालच्या माझ्या सहीशी.

जूनमध्ये सुरू करणार असाल तर वेळापत्रक आजच नोव्हेंबरचं धरून आखा. शेवटची गाडी किती वाजता, फाट्यापासून घर किती लांब, वाटेला ऊस आहे का, हे तीन रकाने प्रवेश अर्जातच ठेवा.