‘तुमचे जोडीदार किती?’ हा प्रश्न मराठीत बसतो का?

कोल्हापुरात समाजकार्य शिकणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलंय : एचआयव्ही प्रतिबंधाच्या अभ्यासासाठी प्रश्नावली मराठीत करतेय. ‘रिस्क बिहेवियर’ला धोकादायक वर्तन म्हणू की जोखमीचं? आणि ‘पार्टनर’ला ‘जोडीदार’ चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : जोखमीचं. ‘धोकादायक’ म्हटलं की माणूसच धोकादायक वाटायला लागतो. ‘अतिजोखमीचे गट’ सरकारी कागदांत रुळलेलंही आहे. पण हा शब्द अहवालात ठेवा, प्रश्नात नको. ‘तुम्ही जोखमीचं वर्तन करता का?’ याला हो कोण म्हणणार? काय केलं, कधी, कंडोम होता का, एवढं विचारा. जोखीम नंतर तुम्ही काढा.

खरी अडचण ‘जोडीदारा’ची. जोडी म्हटली की दोघंच. त्यात लग्न जुळवणाऱ्यांनी हा शब्द पार नवरा-बायकोला चिकटवून टाकलाय. त्यामुळे एखादी बाई ‘एक’ म्हणेल, म्हणजे नवरा, आणि तिच्या मते ती खोटं बोललेली नसेल. तालमीतल्या पोराला जोडीदार म्हणजे सरावाला असतो तो. ‘मालक’ तर आणखी निसरडा : आपल्याकडे खेड्यात तो नवरा, आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या बोलण्यात कायमचा येणारा माणूस, गिऱ्हाईक नव्हे. कायमचा माणूस आणि गिऱ्हाईक हे दोघं वेगळे मोजावेच लागतात, कारण कायमच्या माणसाबरोबर कंडोम बहुधा सुटतो.

मी ‘जण’ वापरीन. ‘गेल्या तीन महिन्यांत किती जणांशी शरीरसंबंध आला?’ यात पुरुष, बाई, तृतीयपंथी सगळे मावतात. नुसतं ‘संबंध’ नको. ‘त्यांच्याशी आमचे संबंध नाहीत’ म्हणजे बोलणं बंद! आणि शरीरसंबंधाचा प्रकारही उघड विचारा. गुदमार्गाची जोखीम योनीमार्गापेक्षा बरीच जास्त असते, तिथं लाजून चालत नाही.

‘तीन महिने’ कुणाच्या डोक्यात नीट बसत नाहीत. संशोधनात यासाठी कॅलेंडर समोर ठेवून, आठवणीतल्या दिवसांच्या खुणा धरून मागे जाण्याची पद्धत आहे. आपल्या खुणा तयारच आहेत : टेंबलाईची यात्रा, गवर-गणपती, दसरा, कारखान्याचा हंगाम. ‘नेहमी, कधीकधी’ यावर फार विसंबू नका. ‘शेवटच्या वेळी कंडोम वापरला होता का?’ याचं उत्तर जास्त पक्कं येतं.

‘असुरक्षित संबंध’ही बदला. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या ‘प्रेप’च्या गोळ्यांना अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, आणि उपचारानं विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला तर संभोगातून लागण होत नाही, हेही सिद्ध झालंय. म्हणजे कंडोम नसला की संबंध असुरक्षितच, असं आता राहिलं नाही. म्हणून ‘कंडोमविना’ म्हणा, तेवढंच खरं.

आणि ‘निरोध’ लिहिलं असेल तर तेही तपासा. जुन्या लोकांना तो कुठलाही कंडोम वाटतो. पण ते सरकारी ब्रँडचं नाव आहे. मेडिकलमधून दुसरं पाकीट घेणारा पोरगा सरळ ‘नाही’वर खूण करेल.