क्लास झाला, आता मुलीला गाडी सुरक्षित चालवायला कसं शिकवू?

क्लास संपला तरी गाडी मुलीच्या हातात द्यायला धीर होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी ब्रेक शिकवा. क्लासचे दिवस क्लच-गिअरमध्येच जातात, करकचून ब्रेक दाबायची वेळ येतच नाही.

रविवारी सकाळी एखादं मोकळं, सपाट मैदान गाठा. सीटबेल्ट लावा, मागेपुढे कोणी नाही ना बघा. ताशी ४० चा वेग आला की म्हणा, "दाब, पूर्ण दाब!" एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल पायाखाली थरथरतं, घरघर आवाज येतो आणि नवशिके घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही. दाबून धरायचा, स्टिअरिंग तेव्हाही वळतं. हे पायाला कळावं लागतं, सांगून कळत नाही. मग तिला उतरून अंतर पावलांनी मोजू द्या. ४० ला गाडी सेकंदात ११ मीटर जाते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं.

घाट नंतर, पाऊस नसताना. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या, नाहीतर ब्रेक तापून लागेनासे होतात. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

आणि कृपा करून शेजारी बसून ओरडू नका. मी मुलावर ओरडलो होतो, तर त्याने भर चौकात गाडी बंद पाडली आणि पुढे महिनाभर चावीला हात लावला नाही.