डबा रिकामा येतो, पोरगी मात्र वाळत चाललीय

प्रश्न : डॉक्टरबाई, माझी मुलगी १५ वर्षांची, नववीत. तीन वर्षं तालमीत जाते, मॅटवर कुस्ती खेळते. दिवाळीनंतर ४९ किलोच्या गटात हरली. वस्ताद म्हणाले, ४६ मध्ये उतर, पुढं जाशील. आधी भात सोडला, मग भाकरी. आता ४३ भरते, तरी थांबेना. डबा रिकामा आणते, पण परवा दप्तराच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या सहा वाळक्या चपात्या सापडल्या. रविवारी मटण तीच करते, पांढरा रस्सा सगळ्यांना आग्रहानं वाढते आणि स्वतः काकडी खात बसते. चार महिने पाळी नाही. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालते. एकदा रात्री डब्यातला गूळ खाताना दिसली. नंतर बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. हे म्हणतात, पैलवानाची जिद्द आहे, बोलू नकोस. मी रडते, ओरडते, शपथा घालते. काय करू?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, शपथा आजपासून बंद. पोरगी हट्टी नाही, आजारी आहे. उपाशी मेंदूशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचला तो स्वेटर. जळण संपत आलं की शरीर काटकसर करतं : हातपाय गार, नाडी मंद, पाळी बंद. हाडं भरायचं वय हेच, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं पोषण तुटतं. ही चूक माझ्याही हातून झालीय. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक धावणारी मुलगी आली होती. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, ‘खात जा गं जरा’ म्हटलं आणि पाठवून दिलं. पाळीचं विचारलंच नाही. सहा महिन्यांनी नडगीच्या हाडाला चीर घेऊन परत आली.

रस्सा करून लोकांना वाढणं तुम्हाला कोडं वाटत असेल. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना प्रयोग म्हणून सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, जेवणाशिवाय दुसरा विषय सुचायचा नाही. जिद्द वगैरे काही नाही, ती भूकच. तुमच्या ह्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

नळाचं मात्र हलकं घेऊ नका. ती उलटी काढत असेल तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलंत तरी चालेल. झोपून आणि उभं राहून रक्तदाब, नाडी, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस एवढं बघायला सांगा. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा बसल्या जागी नाडी ५० च्या खाली गेली, तर आठवडा नको, त्याच दिवशी. मानसोपचारतज्ज्ञ लागतीलच, तोवर १४४१६ या टेलि-मानसच्या फुकट नंबरवर बोला, मराठीत बोलतात.

आणि उद्यापासून खुराक सुरू म्हणून तूप, बदाम, दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध असा मारा करू नका. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर घातलं तर फॉस्फरस कोसळतो, जिवावर बेततं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. ताट तुम्ही वाढायचं, स्वयंपाकघरातून तिला काही दिवस सुट्टी. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाणं, शेजारी कुणीतरी बसलेलं. गप्पा फुटबॉलच्या मारा, शेजारणीच्या मारा, ताटातल्या घासांच्या नकोत. जेवणानंतर तासभर तिला एकटी सोडू नका. वजनकाटा माळ्यावर टाका. ह्यांनीही पंक्तीला बसायचं, नुसती आईच पोलीस नको.

वस्तादांशी भांडू नका. त्यांनी गट सांगितला, उपास सांगितला नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दोघं भेटा : पाळी परत येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत मेहनत बंद, कुस्ती सुटलेली नाही. खासबाग मैदानाच्या मातीत कुस्तीची जोड अंगलोट बघून लावतात, तिथं ग्रॅमचा हिशेब नसतो, मॅटवर असतो. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा माझ्याकडं येणाऱ्या दोन पोरींनी त्यातून काय घेतलं? ‘आपण आणखी आधीपासून वजन तोडायला पाहिजे.’ तुमची नक्की काय ऐकून आलीय, ते वस्तादांना विचारा. आणि ‘४६ मध्ये उतर’ हे त्यांनी तिच्यासमोर स्वतःच्या तोंडानं मागं घेतलं, तर माझ्या दहा भेटींचं काम होईल.

त्या सहा चपात्यांवरून जाब विचारू नका. टाकून द्या. डबा आता दप्तरात नको. मधल्या सुट्टीत तुम्हीच घेऊन जा आणि संपेपर्यंत बसा.