फोन काढून घेऊ का?

सेमिस्टर संपायला तीनेक आठवडे उरले की समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो. आईवडील विचारतात, ‘रात्री दोन-दोनपर्यंत फोनवर असतो, अभ्यासाचं नाव नाही. फोन काढून घेऊ का? परीक्षा होईपर्यंत साधा बटणांचा देऊ का?’ मुलं एकटी आली की म्हणतात, ‘कळतंय सगळं, पण हातातून सुटतच नाही.’

या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. का, ते एका केसवरून सांगणं सोपं जाईल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, दुसरं वर्ष, मेकॅनिकल. घर लातूर जिल्ह्यात, वडिलांचं दुकान. इथे तिघांत मिळून एक खोली, मेसचा डबा. पहिला पेपर २१ दिवसांवर आणि त्याआधी पहिल्या ९ दिवसांत सबमिशन (प्रयोगांची जर्नल, शीट, असाइनमेंट पूर्ण करून त्यांवर सरांची सही घेणं) आणि ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा. पाच पेपर: एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर), कायनेमॅटिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, अप्लाइड थर्मो आणि मॅन्युफॅक्चरिंग. आई त्याला घेऊन आली होती. ती रोज रात्री व्हॉट्सॲपवर त्याचं ‘लास्ट सीन’ बघायची. ‘मॅडम, दोन वाजून चाळीस मिनिटांनी ऑनलाइन दिसला. मला झोप कशी लागणार?’

फोनमधल्या ‘डिजिटल वेलबीइंग’ने रोजचा सरासरी वापर दाखवला ७ तास २० मिनिटं. आकडा बघून आई रडायला लागली आणि मुलगा खाली बघत बसला. पण या आकड्यावरून फोन किती वेळ चालू होता एवढंच कळतं. तो हातात का घेतला गेला, हे कळत नाही. म्हणून पहिले तीन दिवस काहीही बदलायचं नाही, असं ठरलं. फक्त वहीच्या कागदाची एक पट्टी खिशात ठेवायची. तिच्यावर तीन रकाने: किती वाजता उघडला, कशासाठी उघडला, आणि खाली ठेवताना समोर काय चालू होतं.

हे तीन दिवस गाळू नका. घाई असते, परीक्षा तोंडावर असते, तरीही. कारण प्रत्येकाचं दार वेगळं असतं आणि आपण अंदाजाने भलत्याच दाराला कुलूप लावतो.

त्याच्या पट्टीवर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चाललेल्या २३ नोंदी निघाल्या. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘रील्स’. मधल्या रकान्यात मात्र १४ वेळा एकच शब्द होता: ‘ग्रुप’. म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. एक नोंद तर जशीच्या तशी सांगण्यासारखी आहे. रात्री साडेदहाला त्याने ‘उद्या सही मिळणार आहे का’ एवढंच बघायला ग्रुप उघडला. २१४ न वाचलेले मेसेज. वर सरकवत गेला. मध्ये कुणीतरी पूर्ण झालेल्या जर्नल्सच्या गठ्ठ्याचा फोटो टाकलेला, खाली ‘डन!!’. त्याच्या खाली कुणाचं तरी ‘डिफॉल्टर लिस्ट लागली का?’, म्हणजे काम अपुरं राहिलेल्यांची यादी. पोटात गोळा आला. ग्रुप बंद केला, इन्स्टा उघडलं. खाली ठेवला तेव्हा एक दहा झाले होते. आणि सहीचं काय, ते कळलंच नव्हतं.

रील्स हा इथे शेवटचा टप्पा आहे. सुरुवात होते ती धास्तीने, आणि ती धास्ती अभ्यासाच्याच निमित्ताने उघडलेल्या ग्रुपमधून येते. आता फोन काढून घेतला असता तर काय झालं असतं, बघा. सबमिशनच्या तारखा, नोट्सच्या पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका, मेसची यूपीआय, सगळं त्याच फोनमध्ये. काढून घेतलेल्या मुलांचा अनुभव असा की ती दिवसभर रूममेटचा फोन मागत फिरतात, आणि धास्ती होती तिथेच राहते. लहान मुलाची गोष्ट वेगळी. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा फोन परीक्षेच्या तोंडावर जबरदस्तीने घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग आधी धास्तीकडे वळलो. ‘सगळंच राहिलंय’ असं तो म्हणत होता. ‘सगळं’ म्हणजे किती, हे एका कागदावर मोजलं. सबमिशनमध्ये ११ प्रयोग लिहायचे, प्रत्येकी ४० मिनिटं धरली. कायनेमॅटिक्सच्या दोन ड्रॉइंग शीट, प्रत्येकी तीन तास. दोन असाइनमेंट, दीड-दीड तास. बेरीज १६ तास २० मिनिटं. नऊ दिवस रोज दोन तास म्हणजे १८ तास. बसत होतं! तो बेरीज दोनदा तपासून म्हणाला, ‘एवढंच आहे?’ त्या दिवशी त्याच्या खांद्यांतला ताण पहिल्यांदा सैल झालेला दिसला.

सबमिशनमध्ये घात होतो तो लिहिण्यात कमी आणि सहीत जास्त. मुलं सगळं लिहून शेवटच्या दिवशी रांगेत उभी राहतात. तेव्हा सर परीक्षेच्या ड्यूटीवर असतात, किंवा इंडेक्स भरलेला नसतो, किंवा सर्टिफिकेटच्या पानाची प्रिंट राहिलेली असते आणि झेरॉक्सच्या दुकानात तोबा गर्दी. म्हणून दोन-तीन प्रयोग झाले की लगेच सही, असं ठरवलं. इंडेक्स आणि सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी. लिहिताना मित्राची थिअरी उतरवली तरी रीडिंग स्वतःचंच ठेवायचं आणि ग्राफ स्वतः काढायचा, कारण बाहेरून आलेले परीक्षक (एक्सटर्नल) जर्नल उघडून नेमकं तिथेच बोट ठेवतात. ओरलसाठी प्रत्येक प्रयोगाच्या चार गोष्टी पुरतात: उद्देश काय, तत्त्व कोणतं, सूत्र युनिटसकट, आणि आपलं रीडिंग अपेक्षेपेक्षा का हललं. व्हेन्चुरीमीटरचा (पाइपमधला प्रवाह मोजायचं उपकरण) कोएफिशंट एकपेक्षा कमी का येतो, हे एका वाक्यात सांगता आलं की पुढचे प्रश्न सोपे होतात.

आता फोन. वर्गाचा ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकला. सेटिंगमध्ये ‘चॅट अर्काइव्हच ठेवा’ हे चालू आहे ना, ते बघायचं; ते बंद असेल तर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर येतो. ग्रुप दिवसातून दोनदाच उघडायचा, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला, दहा-दहा मिनिटं. मधे काही तातडीचं आलंच तर रूममेटने तोंडी सांगायचं. नोट्सच्या पीडीएफ एकदाच लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये घेतल्या. पाचही विषयांच्या मागच्या सहा प्रश्नपत्रिका पाठपोट प्रिंट करून घेतल्या, म्हणजे ‘प्रश्न बघायला’ म्हणून फोन हातात यायला नको.

इन्स्टाचं ॲप त्याने आधी स्वतःच काढून टाकलं होतं. दोन दिवसांत तो क्रोममधून तेच बघू लागला होता. ॲप टायमर लावला तर तो सेटिंगमध्ये जाऊन अर्ध्या मिनिटात वाढवायचा. उपयोग झाला तो एका साध्या अडचणीचा: प्रत्येक वेळी लॉगआउट करायचं, पासवर्ड बदलून लांबलचक करायचा, कुठेही सेव्ह करायचा नाही आणि तो कागदावर लिहून कॉलेजच्या सॅकमध्ये ठेवायचा. सॅक उघडून, बावीस अक्षरं एकेक टाइप करेपर्यंत झटका ओसरतो. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. जेवणानंतर अर्धा तास रील्स बघायला मुभा ठेवली होती आणि ती ठेवायलाच हवी होती. पूर्ण बंदी चौथ्या दिवशी तुटते आणि मग ‘आता गेलंच सगळं’ म्हणून अख्खी रात्र जाते.

रात्री फोन दाराजवळच्या बोर्डावर चार्जिंगला लावायचा, उशाशी नाही. पहिल्याच रात्री हे फसलं, कारण गजर फोनमध्येच होता. दुसऱ्या दिवशी गजराचं साधं घड्याळ आणलं. झोपेची वेळ एकदम अडीचवरून अकरावर येत नाही. नुसतं पडून राहायला होतं आणि हात फोनकडे जातो. आधी उठण्याची वेळ पक्की केली, साडेसात, रात्री कितीही वाजता झोपला तरी. मग झोपायची वेळ दर दोन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे. संध्याकाळी सहानंतर चहा बंद. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे टपरीवरचा रात्री दहाचा चहा पहाटेपर्यंत पुरतो. पीएलमधली (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) जागरणं मुलांना पराक्रम वाटतात, पण वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं.

अभ्यासाची मोजणीही तशीच केली. त्याच्या पॅटर्नमध्ये एंडसेम, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटची लेखी परीक्षा, ७० मार्कांची, वेळ अडीच तास, चार युनिटं, प्रत्येकावर दोन प्रश्न आणि त्यांतला एक सोडवायचा. पाच विषयांची मिळून २० युनिटं. त्याने समोर बसून प्रत्येकापुढे खूण केली. सहा येत होती, आठ अर्धवट, सहा कोरी. येणाऱ्याला उजळणीचा दीड तास, अर्धवटला चार, कोऱ्याला सात, असे ८३ तास झाले. पीएलचे १२ दिवस, रोज खरेखुरे सात तास म्हणजे ८४. कागदावर बसतं, प्रत्यक्षात नाही. एक दिवस डोकं दुखलं की कोलमडतं. म्हणून दोन कोरी युनिटं सोडली: कायनेमॅटिक्समधलं सिंथेसिस आणि अप्लाइड थर्मोमधले कंप्रेसर. सोडलेलं युनिट थेट १७-१८ मार्कांना पडतं, त्यामुळे एका विषयात एकाहून जास्त सोडायचं नाही. एम-थ्रीतलं एकही नाही, कारण तिथे गणितांचे प्रकार पुन्हापुन्हा येतात आणि सात तास दिले की मार्क हाती लागतात. उरलेले १५ तास जुने पेपर घड्याळ लावून सोडवायला.

अभ्यासाची रीत मात्र बदलावी लागली. तो नोट्स तीन-तीनदा वाचायचा, खुणा करायचा, आणि ‘येतंय’ वाटायचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे पुढे जातात. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते. म्हणून पन्नास मिनिटं वाचलं की पुस्तक मिटून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. पहिले दोन दिवस कागद जवळजवळ कोराच राहिला. मुलं इथे घाबरून सोडून देतात. पण कागद कोरा राहणं हाच उपयोग आहे, कारण नेमकं काय येत नाही ते परीक्षेआधी कळतं.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी होत्या. लास्ट सीन बघणं बंद. आईला हे फार अवघड गेलं. मुलाने स्वतःच सेटिंगमधून ते लपवलं, आईला सांगून. आणि रात्री नऊचा ‘अभ्यास झाला का?’ हा फोन संध्याकाळी सातला आणला. त्यात अभ्यासाबद्दल विचारायचंच असेल तर एकच प्रश्न: ‘उद्या काय आहे?’

एक गोष्ट सगळ्याच पालकांनी लक्षात ठेवावी. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलेलं, कशातच रस नाही, मित्रांपासून तुटलेपण, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘जगून काय उपयोग’ अशी वाक्यं, यातलं काही दिसलं तर फोनचं वेळापत्रक बाजूला ठेवा. मुलाला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. या मुलाला पहिल्याच भेटीत हे सगळं स्पष्ट शब्दांत विचारलं होतं. तसं काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी फोनचा वापर सात तासांवरून साधारण साडेतीनवर आला, शून्यावर नाही. सबमिशन एक दिवस आधी संपलं. पेपर चार बरे गेले. कायनेमॅटिक्समध्ये व्हेलॉसिटी डायग्रामला पन्नास मिनिटं गेली आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. ७० मार्कांना १५० मिनिटं म्हणजे १८ मार्कांच्या प्रश्नाला फार तर ३८. जुने पेपर घड्याळ लावून सोडवले होते, पण डायग्राम कंपासपट्टी घेऊन शेवटपर्यंत एकदाही काढली नव्हती. हातानेच ढोबळ काढून पुढे गेला होता. ती चूक आराखड्यातलीच. आता ड्रॉइंगच्या विषयाला पहिली घड्याळी चाचणी शीट आणि साहित्य घेऊनच करायला सांगितली जाते.

निकाल लागला तेव्हा एम-थ्री निघालं होतं, कायनेमॅटिक्स राहिलं होतं. त्याने ते त्याच संध्याकाळी सातच्या फोनवर घरी सांगितलं, ‘पप्पा, एक बॅक आहे.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग वडील म्हणाले, ‘बरं. फॉर्म कधी भरायचा?’