शेअरला फुल कंट्रोल दिलाय, तरी बॅकअप घेताना 'ॲक्सेस डिनाइड' का येतं?

तुमची अडचण अशी: खानापुरातली पतसंस्था, १४ पीसी, डोमेन (सगळी खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नाही. नवी इमेज (विंडोज आणि प्रोग्रॅमची तयार प्रत) टाकण्याआधी सगळ्यांचा डेटा सर्व्हरच्या शेअरवर घ्यायचाय आणि 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊनही कॉपी होत नाही.

तुम्ही दिलेली परवानगी शेअरिंग टॅबमधली आहे. सिक्युरिटी टॅबमधली एनटीएफएस परवानगी, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरची स्वतःची, वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागतात आणि त्यातली जी कडक, ती चालते. सिक्युरिटीत नुसतं रीड असेल तर वरचं फुल कंट्रोल कागदावरच.

'एव्हरीवन' मुळात काढूनच टाका. सर्व्हरवर बॅकअपपुरतं एक लोकल खातं उघडा, पासवर्डसकट. त्याला शेअरिंगमध्ये 'चेंज' आणि सिक्युरिटीत 'मॉडिफाय' द्या. इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून आपोआप येणाऱ्या परवानग्या) बंद करून 'युजर्स' हा गट उडवा, नाहीतर मॅनेजरची कागदपत्रं काउंटरवरच्या पोरालाही दिसायची.

आता पीसीवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'नेट यूज' (शेअर जोडायची कमांड) त्याच विंडोत करा. साध्या विंडोत जोडलेला ड्राइव्ह ॲडमिनच्या विंडोत दिसत नाही. बहुतेकांचा वेळ इथंच जातो. युजरनेमच्या आधी सर्व्हरचं नाव लावा. १२१९ एरर आली तर त्याच सर्व्हरला दुसऱ्या नावानं जोडणी आधीच झालेली असते, ती डिलीट करा. स्क्रिप्ट 'सिस्टम' (विंडोजच्या स्वतःच्या) खात्यावर चालवू नका, डोमेन नसताना सर्व्हर त्याला ओळखत नाही.

कॉपीला रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) घ्या: /ई /कॉपी:डीएटी /आर:१ /डब्ल्यू:१ /एक्सजे (टाइप अर्थात इंग्रजीत). /आर आणि /डब्ल्यू दिलं नाही तर अडकलेल्या एकाच फाइलसाठी ते दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतं. म्हणजे जवळजवळ वर्षभर! /एक्सजे नसेल तर 'ॲप्लिकेशन डेटा'च्या जंक्शनमध्ये (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यात) गोल गोल फिरत बसतं. परवानग्यांसकट सगळं कॉपी करणारं /कॉपीऑल नकोच: एक तर परवानग्या लिहायला 'चेंज' पुरत नाही, आणि नव्या इमेजवर त्याच नावाच्या युजरचा एसआयडी (विंडोजचा आतला ओळख क्रमांक) वेगळा असतो, त्यामुळं जुन्या परवानग्या उलट आडव्या येतात. फाइलींची नावं मराठी-कन्नडात असतील तर नोंदीच्या फाइलसाठी /लॉगऐवजी /युनिलॉग द्या. आउटलुक आधी बंद करा, उघडी पीएसटी (आउटलुकची मेलची फाइल) कॉपी होत नाही. शेवटी लॉगच्या तळाशी 'फेल्ड' रकान्यात शून्य दिसल्याशिवाय डिस्कला हात लावू नका.

युजर फोल्डरच्या बाहेरचंही बघा. टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा कुठं आहे ते टॅलीतच तपासा. आणि आपल्याकडं हमखास राहतात ते फॉन्ट: जुनी मराठी पत्रं श्री-लिपीत, कन्नड नुडीत, म्हणजे युनिकोडआधीच्या फॉन्टांत. ते फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात असतात, प्रोफाइलबरोबर येत नाहीत. राहिले तर फाइल उघडेल, पण पत्राच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.